हजेरीपत्रकातला महाराष्ट्र : इतिहास विषय समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
इतिहास विषय समिती,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे



देशाच्या जीवनातले मोठे बदल एखाद्या कर्तृत्ववान व्यक्तीमुळे घडतात की असंख्य सामान्य माणसांच्या रेट्यामुळे, हा वाद इतिहासलेखनाइतकाच जुना आहे. परंतु शालेय इतिहासात तो बहुधा मांडला जाण्याआधीच निकाली निघतो, कारण धड्याचे शीर्षक, त्याशेजारचे चित्र आणि धड्याखालचा ‘कोणी केले ते सांगा’ हा स्वाध्याय या तिन्हींची अपेक्षा एकाच उत्तराची, म्हणजे एका नावाची असते. नावे शिकवू नयेत, असे प्रस्तुत पत्राचे म्हणणे नाही. महाराष्ट्रात जन्मलेल्या आणि पुढे साऱ्या देशाने स्वीकारलेल्या एका कायद्याचा इतिहास या वादाच्या कसोटीवर घासून पाहावा, आणि तो शिकवताना ज्यांची नावे आजवर घेतली गेली नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट समितीने विद्यार्थ्यांना दाखवावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. तो कायदा म्हणजे रोजगार हमीचा कायदा.

या वादाची परंपरा मराठी विचारविश्वात चांगली जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील इंग्रजी ग्रंथात असे प्रतिपादन केले, की स्वराज्याची उभारणी ही काही धाडसी व्यक्तींच्या पराक्रमाची गोष्ट नसून भाषा, धर्म आणि वाङ्मय यांनी बांधल्या गेलेल्या संपूर्ण समाजाच्या जागृतीचे ते फळ होते आणि ती जागृती घडवण्यात सर्व जातींतील संतांचा मोठा वाटा होता. संतांच्या कामगिरीविषयी इतिहासाचार्य राजवाडे यांचे मत याहून वेगळे होते आणि तो वाद पुढे दीर्घकाळ चालला. त्याच रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी प्रथम हाच प्रश्न हाती घेतला. इतिहास केवळ थोर पुरुषच घडवतात हे मत त्यांनी जसेच्या तसे स्वीकारले नाही आणि भूगोल किंवा अर्थव्यवस्था यांसारख्या व्यक्तिनिरपेक्ष शक्तीच सर्व काही ठरवतात हेही मान्य केले नाही. परिस्थिती ही गारगोटीसारखी असते, पण ठिणगी पाडायला माणसाचा हात लागतो, अशा आशयाची मांडणी त्यांनी केली. त्याच व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेवर, म्हणजे थोर व्यक्तीला चिकित्सेच्या पलीकडे नेऊन तिची आरती करण्याच्या वृत्तीवर, कठोर प्रहार केले, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र तो हात नेमका कोणाचा, एकाचा की अनेकांचा, हे कोणत्याही सिद्धान्तावरून ठरत नाही. त्यासाठी एखादे प्रकरण हाती घेऊन ते तळापर्यंत तपासावे लागते.

रोजगार हमीचा इतिहास सामान्यतः सांगितला जातो तो वि. स. पागे यांच्यापासून, आणि ते योग्यच आहे. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूरशी नाते असलेले, गांधीविचारांच्या संस्कारात वाढलेले पागे १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती होते. ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला काम मिळालेच पाहिजे आणि ते देणे ही शासनाची जबाबदारी आहे, हा विचार त्यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या काही गावांत प्रायोगिक स्वरूपात राबवून पाहिला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना तो राज्याच्या धोरणात आला आणि १९७२ साली रोजगार हमी योजना या नावाने सुरू झाला. येथवरची हकिगत दोन नेत्यांच्या दूरदृष्टीची आहे. तिच्यात खोटे काही नाही, परंतु ती येथेच थांबवली तर १९७२ नंतर जे घडले त्याचा उलगडा होत नाही.

योजना कागदावर आली आणि लगेच बहात्तरचा दुष्काळ आला. आधीची दोन वर्षेही पावसाने दगा दिलेला होता. तिसऱ्या वर्षी तर मराठवाडा, सोलापूर, अहमदनगर, सांगली, सातारा, पुणे, नाशिक अशा मोठ्या पट्ट्यातील खरीप हातचा गेला. तेव्हा हमी योजना बाजूला राहिली आणि शासनाने दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास पोहोचली होती. ती माणसे काय करीत होती, हे जवळून पाहिल्याशिवाय या आकड्याला अर्थ येत नाही. रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग पडलेले असत आणि डोक्यावर पदर ओढून बसलेल्या बाया हातोडीने त्यांची खडी फोडीत; फोडलेल्या खडीचा चौकोनी ढीग रचून त्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजली जाई व शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास या हिशेबाने मजुरी निघे. पाझर तलावाच्या, म्हणजे अडवलेले पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना पाझर फुटावा यासाठी बांधलेल्या तलावाच्या कामावर पुरुष टिकावाने माती खणीत, बाया ती घमेल्यांतून बांधावर नेऊन टाकीत, आणि किती खोल खणले हे मोजता यावे म्हणून मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा ठोकळा तसाच उभा ठेवलेला असे. रेशनवर लाल ज्वारी, म्हणजे परदेशातून आलेला मिलो मिळे, आणि कामावर सुकडी नावाचा कोरडा खाऊ वाटला जाई. त्या पिढीच्या लोकांच्या बोलण्यात हे दोन शब्द अजूनही दुष्काळाच्या नावासारखेच येतात.

या माणसांना केवळ मदतीचे लाभार्थी म्हणणे, हा त्यांच्यावर इतिहासाने केलेला अन्याय आहे. कामे आपोआप निघत नव्हती. ती काढावी म्हणून तहसील कचेऱ्यांवर मोर्चे जात होते, मजुरी थकली की काम थांबवून माणसे मामलेदाराच्या दारात बसत होती, मोजमापात अन्याय झाला की मुकादमाशी आणि ओव्हरसियरशी हुज्जत घातली जात होती, आणि शेतमजुरांमध्ये काम करणारे डाव्या व समाजवादी विचारांचे कार्यकर्ते या असंतोषाला संघटनेचे रूप देत होते. त्याच वर्षांत मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध स्त्रियांचे लाटणे मोर्चे निघाले. शहरातली स्वयंपाकघरे आणि खेड्यातले खडीचे ढीग यांना एकाच टंचाईने रस्त्यावर आणले होते. मदत आणि हक्क यांतला फरक येथे महत्त्वाचा आहे. मदत देणारा ती केव्हा बंद करायची हे स्वतः ठरवतो, तर हक्क असलेला माणूस मागणी करून शासनाला उत्तर द्यायला लावतो. कित्येक महिने एकत्र काम करणाऱ्या, एकत्र मजुरी मागणाऱ्या, दर शनिवारी किंवा पंधरवड्याला एकाच रांगेत उभ्या राहणाऱ्या लक्षावधी माणसांना काम ही मागण्याजोगी गोष्ट आहे हे प्रत्यक्ष अनुभवातून कळले, आणि त्यांच्या या अनुभवाने पाग्यांच्या कल्पनेला असे बळ दिले, जे विधिमंडळातल्या कोणत्याही भाषणातून मिळाले नसते.

१९७३ साली पाऊस झाला. पूर्वीच्या प्रथेप्रमाणे दुष्काळ संपला की कामे बंद व्हायला हवी होती; त्याऐवजी हमी योजना पुन्हा हाती घेतली गेली, १९७५ साली तिच्या खर्चासाठी व्यवसाय कराचा कायदा झाला, १९७७ साली विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. १९७२ ते १९७९ या सात वर्षांत वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री झाले, मध्ये आणीबाणी येऊन गेली, काँग्रेस फुटली, सरकारे बदलली. इतक्या उलथापालथीत एका नेत्याची इच्छाशक्ती योजना तगवून धरते, हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. जी गोष्ट बंद करणे कोणत्याही सरकारला परवडणार नाही, अशी ती झाली होती, आणि तशी ती मागणी करणाऱ्यांनी केली होती.

तरीही ‘जनता’ हा शब्द वापरताना इतिहासकाराने सावध राहिले पाहिजे, कारण तो एकसंध नाही. योजनेतून होणारे रस्ते, बांधबंदिस्ती आणि तलाव यांचा लाभ मोठ्या प्रमाणावर जमीनधारकांना होणार होता, म्हणून बागायतदार वर्गाचा तिला फारसा विरोध झाला नाही. गावातून मुंबईकडे लोटणारे लोंढे थोपवले जावेत, अशी शहरातल्या अनेकांची इच्छा होती. भूमिहीन मजुराला काम हवे होते, बागायतदाराला पाणी हवे होते आणि शहराला गर्दी नको होती. या तिन्ही इच्छा एका कायद्यात बसल्या. येथेच नेत्याचे खरे कर्तृत्व दिसते. एरवी एकमेकांच्या विरुद्ध जाणाऱ्या गरजांना सामावून घेणारी रचना शोधणे, तिला पैसा कोठून येईल हे ठरवणे आणि सभागृहात तिला सर्वांची संमती मिळवणे, हे काम मोर्चा करू शकत नाही. दुष्काळ आणि मागणी करणारे मजूर इतर राज्यांतही होते. कायदेशीर हमी मात्र प्रथम महाराष्ट्रात आली, याचे श्रेय पागे यांच्या पदरात पूर्णपणे टाकले पाहिजे.

याच्या उलट उदाहरण शंभर वर्षे मागे गेल्यास सापडते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामावरील मजुरी दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य आणि एक आण्यावर आणली गेली, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या मजुरीवर राबण्यापेक्षा काम सोडून जाणे पत्करले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू आकडेवारीसह सरकारपुढे मांडली. धैर्य तेच होते, भूकही तीच होती, आणि बाजू मांडणारे बुद्धिमान पुढारीही होते. नव्हते ते मजुरांच्या मताला उत्तर देणे ज्याला भाग पडेल असे विधिमंडळ. त्यानंतर दुष्काळ संहिता आली, म्हणजे दुष्काळात अधिकाऱ्यांनी काय करावे याचे नियम बनले, पण त्या नियमांत मजुराचा हक्क नव्हता. लोक आणि पुढारी या दोहोंच्या मध्ये संस्था नावाची तिसरी गोष्ट असते आणि तिच्याशिवाय हा वाद अपुरा राहतो, हे या दोन दुष्काळांची तुलना केल्यावर जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येने होणार नाही.

व्यवसाय कराचा उल्लेख वर आला. त्यावर थोडे थांबावे लागेल, कारण सामान्य माणसाचा सहभाग किती नकळत असतो हे त्यात दिसते. महाराष्ट्रातील ठरावीक मर्यादेवरच्या पगारदाराच्या वेतनपत्रकात दर महिन्याला २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची एक कपात असते. हा कर मुळात रोजगार हमीसाठी बसवला गेला आणि त्यातून जमणाऱ्या रकमेत शासनाने आपल्या बाजूने तेवढीच भर घालावी, अशी व्यवस्था केली गेली. शहरातील कारकून, शिक्षक, गिरणीतला जॉबर, बँकेतला अधिकारी यांनी खेड्यातल्या, कधीही न पाहिलेल्या मजुराची मजुरी वर्षानुवर्षे दिली. ही एवढी मोठी सामाजिक देवघेव आहे, पण तिची जाणीव ना देणाऱ्याला आहे ना घेणाऱ्याला. शालेय पुस्तकातला एक परिच्छेद ती सहज करून देऊ शकेल.

कायदा झाल्यावर तो जिवंत ठेवण्याचे काम पुन्हा सामान्य माणसांकडे गेले. मागणी नोंदवल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, स्त्री-पुरुषांना समान दर असावा, कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी, या तरतुदी लिहिलेल्या होत्या. परंतु जेथे मजूर संघटित होते आणि मागणीचा अर्ज देऊन त्याची पोच घेत होते तेथे कामे निघाली, आणि जेथे कोणी विचारणारे नव्हते तेथे हमी कागदातच राहिली. पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याची तारीखवार सही, हा चिठोरा कायद्याचा प्राण आहे, कारण पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. पुढे २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेले अन्नाच्या हक्काचे प्रकरण, अनेक राज्यांतील जनसंघटनांची मोहीम आणि केंद्रातील राष्ट्रीय सल्लागार परिषदेचा मसुदा या मार्गाने संसदेने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. विसापूरच्या परिसरात राबवून पाहिलेला विचार त्रेचाळीस वर्षांत देशभर पसरला, याचे श्रेय कोणाला, असे विचारले तर एका नावाचे उत्तर चुकीचे ठरते आणि ‘जनतेला’ हे उत्तरही पोकळ ठरते.

आता समितीच्या कक्षेतल्या मुद्द्याकडे. नेत्यांची नावे इतिहासात राहतात याचे एक साधे कारण असे, की कागदावर सही त्यांची असते. विधेयक, ठराव, शासननिर्णय, भाषण या सर्व साधनांत बोलणारा एक असतो. सामान्य माणसाचे नाव दगडावर कोरले जाते ते बहुधा तो मारला गेल्यावर. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबाराला बळी पडलेल्या शंभराहून अधिक हुतात्म्यांची मुंबईतील स्मारकाने आठवण ठेवली हे योग्यच झाले, पण आठ महिने खडी फोडून जिने आपले घर आणि एक कायदा दोन्ही उभे केले, तिच्यासाठी असा दगड नाही. तिच्यासाठी एक कागद मात्र आहे. तो म्हणजे मस्टर, म्हणजेच हजेरीपत्रक. त्यावर मजुराचे नाव असते, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव असते, गाव असते, कोणत्या दिवशी हजर होता आणि कोणत्या दिवशी नव्हता याच्या खुणा असतात, झालेले काम आणि मिळालेली रक्कम असते, आणि शेवटच्या रकान्यात सही, नाहीतर अंगठा असतो. शाईत उमटलेल्या त्या अंगठ्यांइतकी थेट साक्ष महाराष्ट्राच्या सामान्य जनतेने अन्य कोणत्या कागदावर ठेवली असेल, हे सांगणे कठीण आहे.

हे साधन निर्दोष नाही. बोगस हजेरीच्या, म्हणजे कामावर नसलेल्या माणसांची नावे लावून पैसे उचलण्याच्या तक्रारी या योजनेच्या पाचवीलाच पुजलेल्या होत्या. म्हणून हजेरीपत्रक वाचताना मोजमापवही, गावातील लोकांच्या आठवणी आणि प्रत्यक्ष जमिनीवरचे काम यांच्याशी ते ताडून पाहावे लागेल. परंतु साधन ताडून पाहणे हेच तर इतिहासाचे शिक्षण आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला आपल्या शिवारातला पाझर तलाव किंवा गावाला जोडणारा रस्ता दुष्काळात झाला असेल तर तो कोणी खणला, मजुरी किती मिळाली, सुकडी कशी लागायची, काम मागायला कोण कोण कचेरीवर गेले होते, हे घरातल्या आणि आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढता येईल. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांकडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, तेव्हा निरक्षर मानल्या गेलेल्या बायांकडे केवढा विचार साठलेला आहे, हे महाराष्ट्राला कळले. दुष्काळी कामांच्या आठवणींचे असे संकलन शाळाशाळांतून होऊ शकते आणि त्यासाठी वेगळ्या निधीची नव्हे, तर स्वाध्यायातल्या एका प्रश्नाची गरज आहे.

म्हणून समितीला तीन गोष्टींची आग्रहाची विनंती आहे. रोजगार हमीवर स्वतंत्र पाठ असावा आणि त्यात पागे यांच्या छायाचित्राशेजारी एका हजेरीपत्रकाचे पान, व्यक्तींची ओळख झाकून, छापावे. पाठाखालच्या स्वाध्यायात ‘कोणी केले’ याच्या जोडीला ‘कोणी मागितले’ आणि ‘कोणी टिकवले’ हे प्रश्न असावेत. आणि तहसील, पंचायत समिती व बांधकाम विभागांच्या अभिलेखकक्षांतून १९७२ नंतरची जी हजेरीपत्रके अजून शिल्लक असतील, ती मुदत संपलेले कागद म्हणून नष्ट होण्यापूर्वी पुराभिलेख संचालनालयाकडे द्यावीत, अशी शिफारस समितीने शासनाकडे करावी.

यांतली तिसरी विनंती थांबू शकत नाही, आणि गावोगावच्या आठवणी लिहून घेण्याचे कामही थांबू शकत नाही. बहात्तरच्या दुष्काळात विशीत असलेली, घमेली वाहणारी बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे.